तलंग की कोंबडा, नर की मादी: परसातल्या कोंबड्या आणि कबुतरं ओळखायची कशी

गणपतीच्या आधीच्या आठवडी बाजारातून मी १२ तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या होत्या. विकणाऱ्याने डालग्यात हात घालून एकेक बाहेर काढून दाखवली. "सगळ्या माद्याच हायत, दिवाळी झाली की अंडी खाशीला," म्हणाला. दिवाळीच्या आतच त्यातल्या ७ जणी आरवायला लागल्या. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "तुमच्या तलंगा बऱ्याच लवकर उठवतात हो?" विकणारा लबाड होता असंही मी म्हणणार नाही. पिल्लं जेमतेम सहा आठवड्यांची गावरान होती आणि ज्या खुणांवर तो बोट ठेवत होता त्या त्या वयात उमटलेल्याच नसतात. मी वय विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी वय, मग त्या वयाला लागू पडणारी खूण, आणि एकीला दुजोरा देणारी दुसरी खूण मिळाल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही. जात ओळखताना रंग अगदी शेवटी बघायचा.

हातात धरायचं कसं

दिवसाउजेडी कोंबडीमागे धावून धरली तर ती घाबरते, तुरा लालभडक होतो, पिसं गळतात, काही कळत नाही. तिन्हीसांजेला पक्षी खुराड्यात चढले की मंद उजेडात धरा. डावा तळहात छातीखाली सरकवून दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यात घ्या, डोकं आपल्या कोपराकडे ठेवा आणि पंख बगलेत दाबा. उजवा हात तपासायला मोकळा राहतो. कबुतर एका हातात मावतं: पाय पहिल्या दोन बोटांत, अंगठा पाठीवरून पंखांच्या टोकांवर. कबुतरखान्यात शिरताना तोंडाला मास्क लावा. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट असते, आणि वर्षानुवर्षं कबुतरं पाळणाऱ्यांना होणारा दम्यासारखा त्रास काही कल्पित नाही.

एक दिवसाचं पिल्लू

घरच्या रवणातून, म्हणजे कोंबडीने उबवलेल्या अंड्यांतून, निघालेल्या पिल्लाचं लिंग पहिल्या दिवशी सांगता येत नाही, असं धरून चाला. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग, ही समजूत गावोगाव आहे. जरा विचार करा: एक कोंबडी साधारण एकाच घाटाची अंडी देत राहते. मग लांबट अंडी घालणारीला जन्मभर कोंबडेच व्हायला हवेत. तसं होत नाही. पक्ष्यांत लिंग ठरतं ते मादीकडून, आणि तेही कवच तयार होण्याच्या बरंच आधी. अंड्यावर दोऱ्याने अंगठी फिरवणं किंवा पिल्लाला पायाला धरून उलटं लटकवून ते मान वर उचलतं का हे बघणं, यांतून निकाल लागतो तो नाणेफेकीइतकाच.

हॅचरीत मात्र पहिल्या दिवशी निवड होते. पिल्लाची विष्ठेची जागा हलकेच दाबून आतला बारीक उंचवटा पाहण्याची पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली. तिचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं तेवढंच काम करतात. घरी करून बघू नका, नवशिक्याच्या दाबाने पोटातला बलक फुटून पिल्लू मरतं.

दुसरी पद्धत पंखाची आहे. एक-दोन दिवसांच्या पिल्लाचा पंख उघडला की पिसांच्या दोन रांगा दिसतात. खालची रांग वरच्यापेक्षा ठळक लांब असेल तर मादी, दोन्ही सारख्या किंवा वरची लांब असेल तर नर. पण हे जमतं ते फक्त त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या वाणांत, म्हणजे आईकडून हळू पिसं येण्याचा गुण आणि बापाकडून लवकर पिसं येण्याचा. गावरान पिल्लांवर हा प्रयोग करून लोक वाद घालत बसतात आणि दोन्ही बाजू चुकतात.

घरी जमण्यासारखी एक युक्ती आहे. तुमच्याकडे काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची, प्लायमाउथ रॉकसारखी कोंबडी असेल तर तिच्यावर ऱ्होड आयलंड रेड कोंबडा सोडा. पिल्लं काळी निघतात. ज्यांच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो ते नर, ज्यांच्या नसतो त्या माद्या. कोंबडा पट्टेरी आणि कोंबडी तांबडी, असं उलटं केलंत तर हा भेद मिळत नाही.

आणि बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात ना, मुलं हट्ट करतात ती? अंड्यांच्या जातीच्या हॅचरीला नर पिल्लांचा उपयोग नसतो, म्हणून ती अशी स्वस्तात बाहेर पडतात. त्यातून तलंग मिळेल या आशेवर घेऊ नका.

तीन ते आठ आठवडे: तुरा

या वयात एकट्या पिल्लाकडे बघून काही कळत नाही. एकाच दिवशी निघालेली पिल्लं शेजारीशेजारी ठेवून बघा. नराचा तुरा लवकर रुंद होतो, पिवळट रंग जाऊन गुलाबी आणि मग लाल होतो. चोचीखालच्या लोंबत्या पाळ्याही आधी त्याच्याच दिसू लागतात. पाय जाड, चालणं ताठ. शेपटी मात्र मादीला आधी येते. नराची पाठ आणि खांदे बरेच दिवस उघडेबोडके राहतात. वनराजा, गिरिराजा, ऱ्होड आयलंड रेड या जातींत सहाव्या-सातव्या आठवड्यात बराचसा अंदाज येतो. गावरान पिल्लं याहून उशीर लावतात, माझ्या १२ जणींनी मला ते शिकवलं.

दोन ठिकाणी तुरा फसवतो. असील जातीत तो वाटाण्याएवढा, डोक्याला चिकटलेला असतो आणि नरातही फार वाढत नाही. कडकनाथमध्ये तो मुळात काळसर असतो, त्यामुळे लाल कोणाचा झाला याची वाट बघण्यात अर्थ नाही. तिथे रंग सोडून तुऱ्याची उंची बघायची.

पिल्लांच्या पायाला रंगीत दोरा सैल बांधा आणि दर आठवड्याला कोणाबद्दल काय वाटलं ते वहीत लिहा. दोरा आठवड्याला बदलायचा, नाहीतर तो मांसात रुततो. दोन खेपा असं केलंत की तुमच्या कळपापुरती नजर तयार होते.

दहा ते चौदा आठवडे: कमरेचं पीस

मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो तो या खुणेवर. शेपटी जिथून सुरू होते त्याच्या जरा पुढे, कमरेवर दोन्ही बाजूंना उतरणारी पिसं बघा. लांब पीस बोटांत धरून उजेडासमोर न्या. मादीचं पीस टोकाला गोल असतं, चमच्याच्या टोकासारखं. नराचं पीस निमुळतं, भाल्याच्या पात्यासारखं, आणि कडेला चकाकतं, कारण टोकाकडचे तंतू एकमेकांत गुंतलेले नसतात. मानेवरच्या पिसांतही हा फरक असतो, पण तिथे माद्यांची पिसंही जरा टोकदार असतात, म्हणून निवाडा कमरेवरच करावा. असील असो, कडकनाथ असो, उघड्या मानेची असो, कमरेचं पीस सगळीकडे लागू पडतं. बाजारात तीन महिन्यांच्या पुढचा पक्षी घेताना एवढं एक पीस बघितलंत तरी पुष्कळ.

यामागचं कारण गमतीचं आहे. गोल पीस घडवतं ते मादीचं संप्रेरक. ते नसेल तर पीस आपोआप कोंबड्यासारखं होतं. कोंबडीचा एकच अंडाशय, डावा, काम करतो. म्हातारपणी किंवा आजाराने तो निकामी झाला तर तिला कोंबड्यासारखी पिसं येतात, तुरा वाढतो, क्वचित ती आरवतेही. गावात अशा कोंबडीला अपशकुनी ठरवून कापतात. बिचारी आजारी असते, एवढंच.

आरवणं बहुधा बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू होतं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, पण डालग्याखाली झाकलेला कोंबडा बाजारात गप्प बसतो हे लक्षात ठेवा. आणि कळपात एक दांडगा नर असेल तर बाकीचे बरेच दिवस तोंड उघडत नाहीत. टाचेवरचा काटा ही उशिराची खूण. म्हाताऱ्या कोंबड्यांनाही काटे येतात.

अंड्यावर आहे की नाही

"अंड्यावरची आहे" म्हणून दुप्पट भाव सांगितला की कोंबडी उलटी धरा. विष्ठेच्या जागेच्या दोन्ही बाजूंना हाडांची दोन टोकं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये एकच बोट बसत असेल तर ती अंडी देत नाही. दोन-तीन बोटं आरामात बसली तर देते. देणाऱ्या कोंबडीची ती जागा मोठी, लांबट आणि ओलसर असते, न देणारीची लहान, गोल, कोरडी. तुरा लाल आणि गरम असतो. पिवळ्या पायांच्या जातींत पाय फिके पडलेले दिसतात, कारण पिवळा रंग बलकात जातो. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीचा तुरा मात्र सुकून लहान होतो, तेव्हा ती म्हातारी समजून टाकून देऊ नका.

नर किती ठेवायचे? पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगांमागे ३ नर देतात. परसासाठी हे प्रमाण चांगलं आहे. त्याहून जास्त कोंबडे ठेवलेत की तलंगांच्या पाठी सोलल्या जातात.

कोंबडीची जात: रंग शेवटी

तुऱ्याचा घाट, कानाची पाळी, कातडीचा आणि पायांचा रंग, अंगाची ठेवण, अंड्याचा रंग, या क्रमाने बघा. महाराष्ट्रात परसात दिसणारी बहुतेक कोंबडी संकरच असते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अट एवढीच की तिला भारी नाव लावून कोणी भारी पैसे मागू नयेत.

*असील* लगेच कळतो: छाती काढून उभा, मान लांब, पाय एकमेकांपासून दूर आणि जाड, पिसं अंगाला घट्ट, लोंबत्या पाळ्या जवळपास नाहीतच. कोंबडा ३ ते ४ किलो भरतो. अंडी थोडी, पण रवणीला बसवावी तर असीलच.

*ऱ्होड आयलंड रेड* म्हणजे गडद विटकरी-तांबडा रंग, विटेसारखं आयताकृती अंग, काळी शेपटी, पिवळे पाय, लाल कानपाळी, तपकिरी अंडं. *व्हाइट लेगहॉर्न*ची कानपाळी पांढरी, मादीचा तुरा एका बाजूला लवंडलेला, अंडं पांढरं. कानपाळी पांढरी असेल तर अंडं बहुधा पांढरं, हा ठोकताळा बराच चालतो, संकरात गडबडतो.

*वनराजा* हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने आणि *गिरिराजा* बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने परसासाठी तयार केले. दोन्ही रंगीबेरंगी, भारी अंगाचे. पण ते संकर आहेत. त्यांची अंडी रवणीला घातलीत तर पिल्लं आईबापासारखी निघत नाहीत, कोणी बारीक, कोणी जाड. दरवेळी मूळ हॅचरीची पिल्लं घ्यावी लागतात. "आमच्या घरचीच वनराजा" म्हणून कोणी विकत असेल तर ती गावरान संकर समजून भाव करा. बाजारात जी *सोनाली* गावरान म्हणून खपते तीही संकरच, ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि फायोमी या इजिप्तच्या जातीची कोंबडी यांचा. उघड्या मानेच्या कोंबडीत गळ्यापुढे पिसांचा झुबका असेल तर तिला तो गुण एकाच पालकाकडून आला आहे. मान जवळपास पूर्ण उघडी असेल तर दोघांकडून.

आता *कडकनाथ*, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धारकडची ही कोंबडी. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे तिला कालामासी म्हणतात, कारण कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, आतले अवयव सगळं काळपट असतं. पिसांत तीन प्रकार: कुळकुळीत काळा, मानेवर पांढरट रेघा असलेला आणि सोनेरी छटेचा. म्हणजे काळी पिसं हीच खूण धरलीत तर दोन खरे प्रकार तुम्ही नाकाराल आणि खोटी कोंबडी घरी आणाल.

खोटी म्हणून सर्रास खपते ती ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प. पिसं कडकनाथपेक्षाही चकचकीत, हिरवी झाक असलेली. पण तिचा तुरा आणि चेहरा लालभडक असतो, तळपाय पांढरट आणि पिसं बाजूला सारली की पोटाची कातडी पांढरी. तेव्हा क्रमाने हे करा: चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, पंखाखालची कातडी बघा, तळपाय आणि नखं बघा. खऱ्या कडकनाथमध्ये सगळीकडे काळपट-करडा रंग असतो. कोंबड्याच्या तुऱ्यात जांभळट-लाल छटा असू शकते, तेवढ्यावर नाकारू नका. रक्त लालच असतं. अंडं फिकट तपकिरी, मलई रंगाचं. "काळं अंडं" दाखवणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

संकरित कडकनाथ पकडायला आणखी एक गोष्ट कामाला येते. कडकनाथ कोंबडा आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांची साधी कोंबडी यांच्या पिल्लांत माद्या बऱ्याच काळ्या निघतात आणि नर उजळ, कारण काळेपणा दाबणारा आईचा गुण फक्त मुलांकडे जातो. म्हणून एकटी काळी तलंग दाखवली तर तिचे भाऊ दाखवा म्हणा. भाऊ उजळ कातडीचे असतील तर काय ते कळलं.

कबुतरांच्या जाती

कबुतरांत जात ओळखणं सोपं आणि लिंग ओळखणं अवघड, कोंबड्यांच्या अगदी उलट. साध्या कबुतराच्या शेपटीत १२ पिसं असतात. *लक्का*च्या शेपटीत ३०-४० भरतात आणि तो मोरासारखा पिसारा उभारून मान मागे नेतो. *शिराजी*, ज्याला बाहेर लाहोर म्हणतात, मोठ्या अंगाचा. डोक्यावरून पाठ-पंखांवर रंगाची शाल पांघरल्यासारखी, खालून आणि शेपटीला पांढरा, पायांवर पिसं. *मुख्खी*ची मान सतत थरथरते, माथा पांढरा आणि प्रत्येक पंखाची टोकाची दोन पिसं पांढरी. *जेकोबिन*चा चेहरा पिसांच्या टोपडीत हरवलेला. *लोटन* जमिनीवर लोळतो; हा त्याच्या मज्जासंस्थेतला आनुवंशिक दोष आहे, तेव्हा पाहुण्यांना गंमत म्हणून त्याला लोळवू नका. *गिरेबाज* आणि *होमर* दिसण्यापेक्षा उडण्यावरून ओळखावे लागतात: गिरेबाज उंच घिरट्या घेतो, होमर लांब सोडला तरी घरी येतो. होमरच्या पायात अखंड रिंग असेल तर त्यावरचं साल वाचा. ही रिंग पिल्लू आठवड्याभराचं असतानाच पायात जाते, मोठेपणी चढत नाही. म्हणजे ते साल हाच जन्मदाखला.

कबुतरात नर कोण

पहिल्या चार-पाच महिन्यांत कोणी छातीठोक सांगत असेल तर तो तुमची परीक्षा बघतोय. चोचीच्या मुळाशी नाकावरचा उंचवटा गुलाबी, डोळा काळपट, आवाज चिवचिवता असेल तर ते पिल्लूच आहे.

मोठ्या पक्ष्यात नराचं डोकं आणि मान जाड, मानेवरची हिरवी-जांभळी चमक जास्त. पण बारीक नर आणि दांडग्या माद्या भरपूर असतात. शेपटीखालच्या हाडांची दोन टोकं बोटाने चाचपा: अंडी दिलेल्या मादीत एका बोटाची फट, नरात टोकं जवळ आणि कडक. कधीच अंडी न दिलेली मादी इथे नरासारखीच लागते. पायाच्या बोटांची लांबी मोजायची पद्धत मी सोडून दिली.

वागणं जास्त खरं बोलतं. नर गळा फुगवून घुमतो, गोल फिरतो, शेपटी जमिनीवर घासत मादीच्या मागे लागतो. चोचीत चोच घालताना मादी आपली चोच नराच्या चोचीत घालते, पिल्लू घास मागतं तशी.

रंगाचाही आधार आहे. निळा नर आणि तांबूस पट्ट्यांची राखाडी मादी यांची जोडी लावली तर सगळे मुलगे तांबूस पट्ट्यांचे आणि सगळ्या मुली निळ्या. पिसं फुटली की निकाल हातात. मोठ्या तांबूस पक्ष्याच्या पंखात किंवा शेपटीत काळे-निळे शिंतोडे असतील तर तो नर. माद्यांत ते येत नाहीत.

सगळ्यात पक्की खूण घड्याळात असते. मादी पहिलं अंडं संध्याकाळी देते, दुसरं एक दिवस आड करून दुपारी. मग दोघं पाळीने बसतात: सकाळी साधारण ९-१० पासून दुपारी ४ पर्यंत नर, बाकी दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मादी. सकाळी ११ वाजता घरट्यात डोकावलात तर बसलेला तो नर, रात्री टॉर्च मारलात तर बसलेली ती मादी. १७-१८ दिवसांत पिल्लं निघतात आणि दोघंही त्यांना गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दूध पाजतात, त्यामुळे चारा भरवण्यावरून काही ठरवू नका.

एकदा मी लक्क्यांची "जमलेली जोडी" आणली. घुमणं झालं, चोचीत चोच झाली, एक दुसऱ्यावर चढूनही बसलं. आठवड्याभरात घरट्यात चार अंडी. मी खूश. कबुतर एका खेपेला दोनच अंडी देतं हे तेव्हा डोक्यात आलं नाही. २५ दिवस झाले तरी एकही फुटेना. एका सकाळी साडेदहाला डोकावलो तर दोघी शेजारीशेजारी, अंगाला अंग लावून, प्रत्येकीच्या पोटाखाली दोन दोन अंडी. ओळखीच्या कबुतरवाल्याकडून एक नर आणला, त्याने दोन दिवसांत एकीशी जोडी जमवली. दुसरी अजून छपरावर एकटी बसते. तिच्यासाठी नर बघतोय, आणि या वेळी विकणाऱ्याच्या घरी सकाळी ११ वाजताच जाणार आहे.